सलाइनमध्ये निळे पडलेले सोन्याचे नॅनोकण रक्तात टिकतील का?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी निपाणीची, एम.एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. सायट्रेट वापरून केलेले सोन्याचे नॅनोकण बाटलीत महिनाभर छान लाल राहिले. कॅन्सरवरच्या प्रोजेक्टसाठी सलाइनमध्ये घातले, तर बघता बघता निळे पडले. मग संशोधनाच्या पेपरांत हे कण रक्तात स्थिर राहतात असं कसं लिहिलेलं असतं?’

तुमचे हे कण, आहेत तसे, रक्तात टिकणार नाहीत. पेपरातल्या कणांवर वरून आणखी एक थर चढवलेला असतो. मी बेळगावात एम.एस्सी.ची प्रात्यक्षिकं घेते आणि हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी निळं का पडलं ते बघा. सायट्रेटमुळे (म्हणजे सायट्रिक आम्लाच्या क्षारामुळे) प्रत्येक कणावर ऋण प्रभार असतो, म्हणून कण एकमेकांना लांब ठेवतात. पण या प्रभाराचा पल्ला पाण्यात किती क्षार आहे त्यावर ठरतो. अगदी विरळ द्रावणात तो काही नॅनोमीटर असतो. ०.९ टक्के सलाइनमध्ये सोडियमचे आयन कणाभोवती गोळा होतात आणि पल्ला एक नॅनोमीटरच्याही आत येतो. कण जवळ आले की त्यांच्यातलं आकर्षण जिंकतं आणि ते चिकटतात. सुटे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात म्हणून द्रावण लाल दिसतं. चिकटल्यावर शोषण ६०० च्या पलीकडे सरकतं म्हणून निळं. थोड्या वेळानं तळाला करडा साका बसतो, आणि मग कितीही हलवा, लाली परत येत नाही. रक्तातलं मिठाचं प्रमाण साधारण सलाइनएवढंच आहे, तेव्हा तुमच्या बाटलीनं खरं तेच सांगितलं.

यात नवीन काही नाही. मायकेल फॅरडेनं १८५७ मध्ये सोन्याची अशीच लाल द्रावणं केली होती. मीठ घातलं की ती निळी होतात हे त्यानंच नोंदवलंय. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्यात, आणि अजून लाल आहेत! म्हणूनच ‘महिनाभर रंग बदलला नाही’ या वाक्याला प्रबंधात मी फार किंमत देत नाही. स्वच्छ पाण्यात सोनं दीडशे वर्षंही टिकतं. पेशंटच्या अंगात पाणी नसतं, रक्त असतं.

आता थराबद्दल. सगळ्यात रुळलेला उपाय म्हणजे एका टोकाला थायॉल (गंधक असलेला गट) असलेलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल, आपण पेग म्हणतो ते. थायॉलमधलं गंधक सोन्याला घट्ट धरतं आणि पेगच्या लांब साखळ्या पाण्यात पसरून राहतात. दोन कण जवळ आले तर साखळ्या एकमेकींत दाबल्या जातात आणि कण मागे ढकलले जातात. हा अटकाव प्रभारावर अवलंबून नाही, म्हणून मिठानं ढळत नाही. क्रम मात्र चुकवू नका: आधी पेग, रात्रभर ठेवा, मग जादाचं पेग सेंट्रीफ्यूज करून काढा, आणि त्यानंतरच मीठ. सेंट्रीफ्यूज फार जोरात फिरवलं तर तळाशी पातळ, चकचकीत पापुद्रा बसतो. तो पुन्हा विरघळला नाही तर ती बॅच सोडून द्या.

मीठ पचलं तरी रक्तातली प्रथिनं उरतात. अल्ब्युमिन आणि इतर प्रथिनं उघड्या कणावर क्षणात चिकटतात. त्यातली काही यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशींना ‘हे उचला’ अशी खूणच करतात. पेगनं हे कमी होतं, थांबत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१६ मध्ये आलेल्या एका आढाव्यात, टोचलेल्या नॅनोकणांपैकी कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचणारा वाटा मध्यक धरून ०.७ टक्केच निघाला होता. शिवाय पेशीच्या आत ग्लुटाथायोन भरपूर असतं, आणि त्यातही गंधक आहे. ते हळूहळू पेगला सोन्यावरून हटवतं. म्हणजे रक्तात टिकलेला कण पेशीत गेल्यावर उघडा पडू शकतो.

तुमची चाचणी अशी लावा की: पेग असलेले आणि नसलेले कण, दोन्ही सलाइनमध्ये, बफरमध्ये आणि सिरममध्ये, ३७ अंशांवर. सुरुवातीला, तासानं, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख, काढा. ५२० चं शिखर जागेवर आहे का आणि ६०० च्या पुढे शेपूट वाढतंय का, एवढं बघा. डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजायची पद्धत) करणार असाल तर नुसत्या सिरमचंही मोजमाप घ्या, कारण प्रथिनंही प्रकाश विखुरतात आणि त्यांचाच आकडा आपल्या कणांचा वाटू शकतो.

भांड्यांकडे लक्ष द्या. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतं, आणि दोन प्रभारांचा कॅल्शियम आयन सोडियमपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात कण चिकटवतो. आम्लराजानं (सोनंही विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) धुवा (हूडमध्ये, सरांच्या देखरेखीखाली), मग शुद्ध पाण्यानं भरपूर खळबळा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण करून ‘कॅन्सरच्या पेशी मेल्या’ असं लिहिणारे प्रोजेक्ट खूप होतात. चांदी ऑक्सिडीकरणानं आयन सोडते, आणि पेशी त्या आयनांनीही मरतात. त्यात कण माध्यमात चिकटून खाली बसले, तर तळाच्या पेशींवर हिशोबापेक्षा जास्त डोस पडतो. स्थिरता न तपासता काढलेला तो आकडा औषधाचा नाही, गाळाचा आहे. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू काय करते ते तुम्ही घराघरांत बघता. त्या माणसांसमोर असला आकडा ठेवायचा हक्क आपल्याला नाही. ‘नॅनो गोल्ड’ म्हणून प्यायच्या बाटल्या विकतात, त्यांचा तर या उपचाराशी काही संबंध नाही. कुणी घरचं विचारलं तर स्पष्ट सांगा, आणि कॅन्सरच्या डॉक्टरकडे पाठवा.

माणसांवर काही वापरलं गेलंय का? हो. सुमारे २७ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांवर पेग आणि टीएनएफ हे प्रथिन बसवून केलेल्या औषधाची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली आहे. युरोपात मेंदूच्या गाठीसाठी लोहाच्या ऑक्साइडचे कण २०१० मध्ये, आणि मऊ ऊतींच्या सार्कोमा या कॅन्सरसाठी हाफ्नियम ऑक्साइडचे २०१९ मध्ये मंजूर झाले. हे दोन्ही थेट गाठीत टोचतात. तिथे रक्तात फिरत राहण्यापेक्षा टोचल्या जागी टिकून राहणं महत्त्वाचं ठरतं.

डीएलएससाठी नमुने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा धारवाडला न्यायचे असतील तर बर्फाला थेट लावू नका. गोठले की कण चिकटतात. थंड डब्यात, अंधारात न्या. निघताना आणि पोचल्यावर एकेक स्पेक्ट्रम काढा. दोन्ही जुळले तरच पुढचं मोजमाप धरा.