आरोग्याचा प्रोग्राम सुरू करायच्या आधी
आधी एक सांगतो, "लॉजिकल वाटतंय" हा पुरावा नव्हे. बीटा कॅरोटीनचंच (फळं-भाज्यांमधला एक घटक) बघ ना, फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर कमी दिसायचा म्हणून वाटलं त्याच्या गोळ्या दिल्या की झालं, मग फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर ट्रायल झाली, १९९४ ला रिझल्ट आला तर गोळीवाल्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्के जास्त! त्यामुळे एकाच स्टडीवर उड्या मारू नकोस, सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे स्टडी शोधून, तपासून काढलेला निष्कर्ष) शोध, तोही कुठल्या लोकांवरचा आहे ते बघून. बेसलाइन डेटा, म्हणजे प्रोग्रामच्या आधीची परिस्थिती दाखवणारे आकडे, मात्र सुरुवातीलाच घे (मी विसरलो होतो, रिपोर्ट लिहिताना घाम फुटला). आणि जमलं तर तुलनेला प्रोग्राम न मिळणारा एक गट ठेव, कारण आजाराच्या केसेस कधीकधी आपोआपच कमी होतात.