‘९० दिवसांत लेखक’ योजनेला साठ हजार द्यावेत का?

प्रश्न असा आहे: “एसटीत २९ वर्षं वाहक होतो. आठवणी लिहून काढल्यात, साधारण ४५ हजार शब्द झालेत. एक मार्गदर्शक ‘९० दिवसांत लेखक’ अशी योजना देतोय. संपादन, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), मुखपृष्ठ, ३०० प्रती आणि प्रकाशन सोहळा, सगळं मिळून ६० हजार. घ्यावी का, की आपलं आपणच छापावं?”

मी नवलेखकांबरोबर हेच काम करतो, म्हणून आधी हिशेबच मांडतो. समजा ३०० प्रतींची छपाई प्रतीमागे ८० रुपये पडली, म्हणजे २४ हजार. उरलेले ३६ हजार संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ यांत गेले. ते ३०० प्रतींवर वाटले की प्रतीमागे १२० रुपये. एक प्रत तुम्हाला २०० रुपयांना पडली. छापील किंमत २५० ठेवून ओळखीच्यांना २० टक्के सवलतीत दिली तर हातात २०० येतात. म्हणजे तीनशेच्या तीनशे प्रती स्वतः विकल्या तर जेमतेम बरोबरी. वितरकाला ४५ टक्के सुटीवर दिली तर १३७ रुपये ५० पैसे येतात आणि प्रतीमागे साडेबासष्ट रुपयांचा खड्डा पडतो. आता दुसऱ्या छपाईकडे बघा. संपादन, मांडणी, मुखपृष्ठ सगळं तयार आहे, खर्च फक्त ८० रुपयांचा. तीच प्रत थेट विकली तर १२० रुपये सुटतात, वितरकामार्फत साडेसत्तावन्न.

स्वतः प्रकाशित केलेल्या पुस्तकात पैसा सुटतो तो दुसऱ्या छपाईत, आणि ती करता येईल की नाही हे फाइल कोणाच्या हातात आहेत यावर ठरतं. या योजनांच्या करारात नेमकी तिथेच मेख असते. तुम्हाला छापील प्रती मिळतात, पण मांडणीची मूळ फाइल त्यांच्याकडे आणि आयएसबीएन त्यांच्या संस्थेच्या नावावर. पुढच्या १०० प्रती हव्या असतील तर परत त्यांच्याच दारात, त्यांच्याच दराने. म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: मांडणीची उघडता येणारी फाइल, छपाईची पीडीएफ, मुखपृष्ठाची थरांसकट (लेयर सुटे असलेली) फाइल आणि वापरलेल्या फॉन्टची नावं. शिवाय कॉपीराइट लेखकाचा, आणि छापण्याचा किंवा ई-पुस्तकाचा कोणताही हक्क त्यांच्याकडे राखीव नाही, हे एक वाक्य. ‘१०० टक्के रॉयल्टी’ असं लिहिलेलं असेल तर कशाच्या १०० टक्के ते विचारा. बहुतेक वेळा छपाई, वितरण आणि ‘सेवाशुल्क’ वजा करून जे उरतं त्याचे असतात.

आयएसबीएनसाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. भारतात हा क्रमांक फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. मुखपृष्ठ पक्कं होण्याच्या आधीच अर्ज करा, कारण बारकोड मागच्या बाजूला बसवायचा असतो आणि मंजुरीला वेळ लागतो. काही आठवडे हाताशी ठेवा. छापील प्रत आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. फेरछपाईला नवा लागत नाही, मजकूर बदलून सुधारित आवृत्ती काढली तर लागतो. आणि आयएसबीएन घेतला म्हणजे कॉपीराइट झाला, हा गैरसमज काढून टाका. कॉपीराइट तुम्ही लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला. १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्याची नोंदणी ऐच्छिक आहे.

मग मार्गदर्शकाला पैसे द्यायचे कशाचे? संपादनाचे. आणि इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण ‘संपादन’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात. पहिलं रचनेचं: काय ठेवायचं, काय काढायचं, कुठून सुरू करायचं. दुसरं भाषेचं: वाक्यं, पुनरुक्ती, बोली आणि प्रमाण यांचा मेळ. तिसरं मुद्रितशोधन: ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, सुटलेले शब्द. स्वस्त योजनेत फक्त तिसरं मिळतं, तेही कधी कधी नुसतं स्पेलचेकर फिरवून. पैसे देण्याआधी तुमची दहा पानं त्यांना द्या आणि संपादन करून मागा. परत आलेल्या पानांवर फक्त वेलांट्या सुधारलेल्या असतील, ‘हा प्रसंग इथे का?’ असा एकही प्रश्न समासात नसेल, तर तो माणूस संपादक नव्हे.

नोकरीच्या आठवणींत रचनेची चूक बहुधा एकच असते. लेखक जन्मगावापासून सुरू करतो आणि वाचकाला बस भेटते तेव्हा तिसावं पान उजाडलेलं असतं. त्याआधी दोन प्रस्तावना, तीन शुभेच्छा संदेश, मनोगत आणि ऋणनिर्देश. (शुभेच्छा देणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक वाचलं होतं, हा वेगळाच विषय.) एक प्रस्तावना पुरे, नाहीतर तीही नको. ऋणनिर्देश शेवटी टाका.

रचनेसाठी साधा उपाय. प्रत्येक प्रसंगाला एक कागदाची चिठ्ठी करा. वर प्रसंग एका ओळीत, खाली साल आणि आगार, आणि तिसऱ्या ओळीत ‘यात काय पणाला लागलं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर. साठेक चिठ्ठ्या होतील. ज्यांची तिसरी ओळ कोरी राहिली त्या बाजूला काढा. उरलेल्या जमिनीवर पसरा आणि सालावार न लावता विषयवार लावून बघा: मुक्कामी गाड्या, आषाढीच्या जादा गाड्या, तपासणी पथक, सुट्ट्या पैशांची भांडणं, संपाचे दिवस. दोन हजार शब्दांच्या आसपासची १८ ते २० प्रकरणं झाली की ४५ हजारांचे ३८-४० हजार होतात, आणि पुस्तकाला ते सोसतं. वेबिल (वाहकाचं फेरीचं हिशेबपत्रक) कसं भरायचं, तिकिटांचा हिशेब रात्री कसा लागायचा, असे तपशील मात्र कापू देऊ नका. संपादक ‘हे तांत्रिक आहे’ म्हणेल. वाचक नेमकं तेच वाचायला येतो, कारण ते दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही.

तारखा आठवणीवर सोडू नका. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, एवढी साधी गोष्टसुद्धा लोक चुकीची छापतात. स्वतःच्या बदल्यांची सालं सेवापुस्तिकेवरून ताडून घ्या. वरिष्ठांवर भ्रष्टाचाराचा आरोप करणारं प्रकरण असेल तर नाव, आगार, साल आणि हुद्दा यांपैकी एक बदलून भागत नाही, कारण उरलेल्या तिन्हींवरून माणूस ओळखू येतो. बदनामीच्या तक्रारीला नाव छापलेलंच असावं लागत नाही. चालक गुणगुणायचा त्या गाण्याचं नाव घ्यायला हरकत नाही, पण कडवं छापायचं तर परवानगी लागते.

कच्चा खर्डा पाच जणांना वाचायला द्या. त्यांतले किमान दोघे तुम्हाला न ओळखणारे हवेत. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे ‘छान’च म्हणतात. पेन्सिल द्या आणि सांगा: कंटाळा येईल तिथे समासात रेघ मारा, वाचता वाचता खाली ठेवलंत तर त्या पानावर तारीख घाला. तिघांच्या रेघा एकाच जागी आल्या तर तिथे काम करायचं.

आता मांडणी, जिथे मराठी पुस्तकाची खास पंचाईत होते. तुम्ही मोबाइलवर किंवा वर्डमध्ये टाइप केलंय ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर तीच अक्षरं दिसतील अशी पद्धत. अनेक छपाईघरं अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करतात. तिथे मजकूर रूपांतरित होतो आणि अक्षरं बिघडतात. सगळ्यात धोक्याचा ‘ऱ्य’. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर डोंगरातली गाडी थेट समुद्रात जाते, आणि ‘आचाऱ्यांनी’ केलेला स्वयंपाक ‘आचार्यांनी’ केलेला ठरतो. दोन्ही शब्द बरोबर असल्याने कोणताही स्पेलचेकर ते पकडत नाही. म्हणून मुद्रितशोधन दोनदा: एकदा मांडणीआधी, एकदा मांडणीनंतर, आणि दुसरी फेरी कागदावर. शक्य असेल तर युनिकोडमध्येच मांडणी करणारा माणूस शोधा. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा परिच्छेद-जुळारी (वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर) चालू केलेला नसला की ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी पडते आणि जोडाक्षरं फुटतात. मजकुराची भाषा ‘हिंदी’ लावलेली असेल तर अनेक फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपल्याकडे पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण आहे, तसा ६ नोव्हेंबर २००९ चा शासननिर्णयही आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे फुकट मिळणारे फॉन्ट पुस्तकाला चांगले चालतात.

अक्षर १३ पॉइंट, दोन ओळींत १८-१९ पॉइंट अंतर. यापेक्षा आवळलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. बांधणीकडचा समास २० मिलिमीटर ठेवा, नाहीतर पुस्तक ताणून वाचावं लागेल.

आकार डेमी घ्या, साडेपाच बाय साडेआठ इंच. पानावर साधारण २६० शब्द बसतात, म्हणजे ३९ हजार शब्दांची १५० पानं, आणि सुरुवातीची दहा धरून १६०. हा आकडा मुद्दाम सांगतोय. डेमीचा एक फर्मा (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा संच) १६ पानांचा, म्हणजे बरोबर दहा फर्मे. १६३ पानं झाली तर तीन पानांसाठी नवा फर्मा उघडतो. तीन पानं कापा, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) नॅचरल शेड, कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. कागदाचा दाणा, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीच्या समांतर हवा हे छपाईवाल्याला बजावा. आडवा गेला तर पानं पावसाळ्यात लाटांसारखी उठतात आणि पुस्तक उघडं राहत नाही. पाठीची जाडी: १६० पानांची ८० पत्ती, प्रत्येकी साधारण ०.१ मिलिमीटर, अधिक कव्हर, म्हणजे साडेआठच्या आसपास. पण मुखपृष्ठकाराला हा हिशेब देऊ नका. छपाईवाल्याकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि मोजून द्या. एका मिलिमीटरची चूक झाली तरी पाठीवरचं नाव पुढच्या बाजूला वळतं. चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग सोडायला सांगा. बारकोड पांढऱ्या चौकोनात काळ्या रेघांचाच ठेवा.

३०० प्रतींपर्यंत डिजिटल, ५०० च्या पुढे ऑफसेट परवडते, मधल्या आकड्याला दोन्हीकडून दर घ्या. ‘५०० घेतल्या तर प्रतीमागे वीस रुपये वाचतील’ हे खरं असतं, पण अशी एक प्रत सुमारे १९० ग्रॅम भरते. पाचशेंचं ओझं ९५ किलो, आणि ते तुमच्या घरात, ओल आणि वाळवीच्या शेजारी. आधी वहीत नावं लिहा: कोण खरोखर पैसे देऊन घेईल? प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घ्या. माझ्या मते तुमच्यासाठी पहिल्या खेपेला २०० डिजिटल प्रती पुरेत. प्रतीमागचा खर्च वाढेल, पण कमी पैसे अडकतील. विक्रीसाठी दुकानांपेक्षा आगारं, कर्मचारी संघटनांचे मेळावे, निवृत्तांचे गट हा तुमचा खरा बाजार आहे, आणि तिथे मार्गदर्शकापेक्षा तुमची ओळख मोठी.

किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं, पैसे लागत नाहीत, आयएसबीएनही सक्तीचा नाही. युनिकोडची वर्ड फाइल चढवा, जुन्या फॉन्टची पीडीएफ नको.

छापून झाल्यावर ३० दिवसांच्या आत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमारा आणि दिल्लीच्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची असते. १९५४ चा कायदा तसं सांगतो आणि प्रकाशक तुम्ही आहात. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठीही प्रत पाठवा, गावोगावची ग्रंथालयं त्यावरून खरेदी करतात. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला प्रकाशनाची तारीख स्पष्ट छापा, कारण राज्य वाङ्मय पुरस्कारांना कॅलेंडर वर्ष बघतात. त्यात पहिल्या पुस्तकासाठी वेगळा विभागही आहे.

तर तुमच्या योजनेचं असं करा: संपादन आणि मांडणी त्यांच्याकडून वेगळ्या दराने मागा, बाकी नाकारा. तयार होत नसतील तर दुसरा बघा. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा सगळ्या फाइल तुमच्या संगणकावर उघडून बघितल्यावर. सोहळा करायचाच असेल तर आगारातच करा, चहाच्या खर्चात होतो. तारीख मात्र प्रती घरी आल्यावर आणि त्यांतल्या दहा प्रतींची पानं उलटून तपासल्यावरच ठरवा. एखादा फर्मा उलटा बांधला गेलेला असतो.