क्नेसेत : उच्चार कुठून घ्यायचा?

विचारणा अशी आहे : ‘द टाइम्स ऑफ इस्रायल’ या इंग्रजी वृत्तस्थळावर तिथल्या संसदेचं नाव सारखं दिसतं. इंग्रजीत ‘एन’च्या आधीचा ‘के’ बहुधा मुका असतो. मग मराठीत नेसेट लिहायचं की क्नेसेट?

माझ्या मते क्नेसेत. नेसेट तर नकोच.

हे वृत्तस्थळ २०१२पासून जेरुसलेमहून चालतं आणि लिहितं इंग्रजीत, पण संसदेचं नाव हिब्रू आहे. हिब्रूत त्यातले क आणि न दोन्ही स्वच्छ उच्चारतात. ‘के’ मुका ठेवण्याचा नियम इंग्रजांनी आपल्या शब्दांपुरता केला, तो हिब्रू शब्दाला लावायचं कारण नाही.

आता शेवटचा ट. इंग्रजी ‘टी’ दिसला की आपला हात आपोआप ट लिहितो. हिब्रूत आपल्यासारखा मूर्धन्य ट नाहीच. तिथला उच्चार आपल्या त ला जवळचा. शिवाय हे आपण एका ठिकाणी कधीच मान्य केलंय : मराठी वर्तमानपत्रं बहुधा तेल अवीव लिहितात, टेल अवीव नव्हे. तोच न्याय इथे लावावा.

मुळात क्नेसेत म्हणजे जमणं, सभा. या सभेत १२० जण बसतात. यहुद्यांच्या प्राचीन ‘महासभे’ची परंपरेने सांगितलेली सदस्यसंख्याही तेवढीच. यहुदी प्रार्थनामंदिराला हिब्रूत म्हणतात ‘बेत क्नेसेत’, जमण्याचं घर. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे यहुदी, मात्र त्याला मराठीत सरळ ‘मशीद’ म्हणत आले. मुंबईत १७९६ साली समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर उभं राहिलं. मस्जिद स्थानकाचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात.

अशीच गत ‘हाआरेत्स’ या इस्रायली दैनिकाची. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘टीझेड’ असल्यामुळे आपल्याकडे ते हारेट्झ होतं. खरं तर तो आवाज मराठी माणसाला घरचा आहे : ‘चमचा’ म्हणताना पहिल्या च चा जो उच्चार होतो, तोच. नुसता च लिहिला तर वाचणारा तो ‘चहा’तला वाचेल, म्हणून त्स लिहिणं बरं.

‘द टाइम्स ऑफ इस्रायल’ची हिब्रू आवृत्ती २०१९मध्ये निघाली, तिचं नाव ‘झ्मान यिस्राएल’. हा झ्मान म्हणजे काळ, आणि फारसीतून आपल्याकडे आलेला ‘जमाना’ त्याच्याच कुळातला. या नावात स आणि र यांच्यामध्ये त नाही, हेही पाहून ठेवा. ‘इस्त्रायल’ हे रूप मराठीत फार बोकाळलंय आणि ते निखालस चूक आहे. मराठी बायबलात ‘इस्राएल’ आहे, बेने इस्रायलांच्या नावातही त नाही.

मात्र हा नियम सरसकट ताणू नये. नेतान्याहूंचं पहिलं नाव हिब्रूत बिन्यामिन, मराठी बायबलात बन्यामीन. पण इंग्रजीत ते स्वतः बेंजामिन वापरतात, तेव्हा बातमीत बेंजामिनच ठेवावं. संसदेचं तसं नाही. क्नेसेतला इंग्रजीत वेगळं नाव नाही, इंग्रजी लिपीत लिहिलेलं हिब्रू नावच आहे.

राहता राहिला वृत्तस्थळाच्या नावाचा प्रश्न. ते मुळातच इंग्रजी आहे, त्यामुळे ‘द टाइम्स ऑफ इस्रायल’ असंच लिहा, भाषांतर करू नका.