स्वयंभू म्हणजे काय?

चिमणे,

आजीबरोबर मोरगावला जाऊन आलीस आणि रात्रीच तुझा निरोप आला : "आजी म्हणते इथला गणपती स्वयंभू आहे, कुणी घडवलेला नाही. पण प्रत्येक गोष्ट कुणीतरी केलेली असते ना? मग देवाला कुणी केलं? आणि देवाला कुणी करावं लागत नसेल, तर जगाला तरी कशाला?" फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी शब्द बघू. स्वयंभू म्हणजे आपला आपण झालेला. अष्टविनायकांच्या आठही मूर्ती तशा मानतात : मूर्तिकाराच्या छिन्नीतून न आलेल्या, पाषाणात आपोआप प्रकटलेल्या. इथे जर्मनीत आपण भाद्रपदात बसवतो तो याच्या अगदी उलट, पार्थिव, म्हणजे मातीचा. गेल्या वर्षी सोंड दोनदा तुटली आणि दोनदा तूच ओल्या बोटांनी जोडलीस. त्याचा कर्ता कोण, हे तुला पक्कं ठाऊक आहे. तरी प्राणप्रतिष्ठा झाली की त्याच्यापुढे हात जोडतेस. कुणीच न केलेला बाप्पा आणि तू केलेला बाप्पा, दोघांची आरती एकच.

तुझा प्रश्न मात्र फार जुना आहे. न्यायदर्शन म्हणजे तर्कावर भर देणारी आपली एक जुनी विचारपरंपरा. तिचे पंडित म्हणत, घट दिसला की कुंभार आलाच. पृथ्वी, डोंगर हेही घटासारखेच, म्हणून त्यांनाही कुणी कर्ता हवा, आणि तो ईश्वर. सातव्या शतकाच्या सुमाराचे कुमारिल भट्ट यांना असा जगत्कर्ता मान्य नव्हता. कर्त्याला शरीर असेल तर ते कुणी केलं? नसेल तर त्याने घडवलं कशाने? बघ, जवळजवळ तुझेच शब्द. आणि कुमारिल काही धर्म सोडलेले नव्हते. ते मीमांसक, यज्ञ आणि विधी काटेकोर पाळावेत असं सांगणारे. जग कधीतरी सुरू झालं, हेच त्यांना मान्य नव्हतं. ते अनादि आहे म्हणत. म्हणजे पूजा मनापासून करायला जगाचा निर्माता मानलाच पाहिजे, अशी अट आपल्या परंपरेत सगळ्यांनी घातलेली नाही. हे मला तुझ्या वयात कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

कुंभाराचा दाखला मला स्वतःला अपुरा वाटतो. घटाच्या आधी माती असते, चाक असतं, पाणी असतं. कारण लागतं हा नियम आपण जगातल्या वस्तू बघून शिकलो. सगळ्या जगाला मिळून तो लागू पडतो का, हे कुणी बघितलेलं नाही. कुठेतरी थांबावं लागतं : कुणी देवापाशी थांबतं, कुणी विश्वापाशी, आणि जिथे थांबतो त्याला आपण स्वयंभू म्हणतो.

विज्ञानातही हे भांडण झालं. आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय उष्ण आणि दाट होतं, तिथून ते पसरत गेलं. त्याच्याही आधी काय, याचं ठाम उत्तर नाही. पण कोल्हापुरात 1938 साली जन्मलेले जयंत नारळीकर यांना महास्फोटाचा हा आरंभच पटला नाही. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी आरंभ नसलेल्या विश्वाची गणितं मांडली, 1993 मध्ये ती सुधारून पुन्हा मांडली. बहुतेकांनी ती स्वीकारली नाहीत. तरी 2025 मध्ये जाईपर्यंत त्यांना पुण्यात केवढा मान होता! तू आहेस त्याच गावात त्यांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. मामाला म्हणावं, बाहेरून तरी दाखव.

आणि एक ओळ ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली, नासदीय सूक्तातली : "अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन". देव तर या सृष्टीच्या नंतरचे, मग ती कुठून झाली कोण जाणे, असा तिथला सूर आहे. सूक्ताच्या शेवटी तर म्हटलंय की वर बसून जो हे सगळं पाहतो त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल! त्यातला 'विसर्जन' शब्द बघ. तिथे त्याचा अर्थ बुडवणं नाही, उत्पन्न होणं, बाहेर सोडलं जाणं असा आहे.

आजीला ही ओळ वाचून दाखव आणि ती काय म्हणते ते मला कळव. शाडू आणून ठेवली आहे. तू आलीस की मळू.

तुझी,
आई