कपाशीला झिंक, फेरस, बोरॉन जमिनीतून द्यावे की फवारावे?

तुमचा प्रश्न असा आहे: काळी चुनखडीची जमीन, दरवर्षी कृषी केंद्रातून मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांची थैली आणून डीएपी या स्फुरद (फॉस्फरस) असलेल्या खतासोबत टाकता, तरी नवी पाने पिवळी पडतात आणि उतारा वाढत नाही. बहुतेक दोष त्या 'सोबत' टाकण्यातच आहे.

झिंक (म्हणजे जस्त) आणि स्फुरद एकत्र आले की त्यांचे फार कमी विरघळणारे झिंक फॉस्फेट बनू शकते आणि मुळांना जस्त कमी मिळते. खात्री करायची असेल तर झिंक सल्फेट आणि १२:६१:०० हे स्फुरदाचे विद्राव्य खत एका बादलीत कालवून बघा, तळाशी पांढरा साका बसतो.

आधी माती तपासा, आणि अर्ज भरताना सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी वेगळी मागा; साध्या अहवालात ती बहुधा नसते. किलोमागे जस्त ०.६, लोह ४.५ आणि बोरॉन ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाले तरच खर्च करा. पुरेसे असेल तर वरून कितीही टाका, बोंड वाढणार नाही.

जस्त जमिनीतूनच द्या. २१ टक्क्यांचे झिंक सल्फेट एकरी १० किलो (३३ टक्क्यांचे असेल तर साडेसहा किलो पुरे), चाळणीने चाळलेल्या दोन-तीन क्विंटल कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर करून, आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि पेरणीआधी पसरा. डीएपी वेगळे, पेरणीच्या ओळीत. एकदा दिलेले जस्त दोन-तीन हंगाम पुरते, म्हणून दरवर्षी नको.

लोहाचे उलट आहे. सामू (पीएच) ८ च्या वर आणि चुनखडी असेल तर जमिनीत टाकलेले फेरस सल्फेट (लोहाचे खत) थोड्याच दिवसांत गंजून बसते. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की १५ लिटरच्या पंपाला फेरस सल्फेट ७५ ग्रॅम, सायट्रिक आम्ल १५ ग्रॅम, अशी दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या करा. पाण्यात आधी आम्ल, मग फेरस. द्रावण तांबूस झाले तर फेकून द्या, त्यातले लोह पिकाला लागत नाही. चिलेटेड फेरस (सेंद्रिय रेणूत बांधलेले लोह) जमिनीतून द्यायचे तर डब्यावर 'ईडीडीएचए' लिहिलेले बघा. ईडीटीए हा दुसरा प्रकार चुनखडीत टिकत नाही.

बोरॉनला हात जपून. पाते (फुलकळ्या) लागताना आणि फुले-बोंडे धरताना २० टक्क्यांचे बोरॉन पंपाला १५ ग्रॅम, बस्स. मापाचे झाकण न वापरता मुठीने टाकले की पानांच्या कडा करपतात, आणि ते भरून काढता येत नाही. विहिरीचे पाणी खारट असेल तर बोरॉन आधीच जास्त असू शकते. तिथे तपासणीशिवाय देऊच नका.

आणि लाल्या (कपाशीची पाने लाल पडणे) म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता असे दुकानात सांगतात. खालची पाने लाल आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा मॅग्नेशियम, त्यासाठी १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे पंपाला १५० ग्रॅम. पण आधी पान उलटे करून तुडतुडे (रस शोषणारे छोटे हिरवट किडे) बघा. ते असतील तर कितीही खत फवारा, लाली हटणार नाही. पाणी साचलेल्या शेतातही तेच. तिथे चर काढा.