‘खराब’ ठरवलेल्या चार डिव्हाइसबद्दल

प्रिय मुली,

तुझा आलेख आठ दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. टोपोलॉजिकल, म्हणजे पोटातून नव्हे तर कडेने वीज वाहून नेणाऱ्या, पदार्थाची पाच डिव्हाइस. एकाचा रोध १२.९ किलोओहमच्या आसपास येऊन सपाट झालेला, म्हणजे फॉन क्लिट्झिंग स्थिरांकाच्या, २५,८१२.८०७ ओहमच्या, निम्मा, कडेच्या वाटांकडून सिद्धांताला हवा तेवढाच. उरलेली चार मन मानेल तिथे. सर म्हणतात चारही खराब, त्या एकावर पेपर लिहून टाक. आणि तू विचारतेस, टोपोलॉजी सोडून साध्या ट्रान्झिस्टरच्या कामाकडे वळू का?

वळ, नाहीतर नको वळूस. त्यावर माझं फारसं मत नाही. मला राग आला तो ‘खराब’ या शब्दाचा. खराब म्हणजे नेमकं काय? कॉन्टॅक्ट जळला? गेट गळतंय? चॅनेल ठरवल्यापेक्षा लांब निघाला? यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस. उत्तर जुळलं नाही म्हणून खराब! न जुळलेलं टाकायचं नसतं, त्याचा हिशेब द्यायचा असतो.

जर्मनीतल्या वुर्झबुर्गचं २००७चं काम तुला पाठ असेल. मर्क्युरी टेल्युराइडचा थर ६.३ नॅनोमीटरपेक्षा जाड झाला की ऊर्जापट्ट्यांचा क्रम उलटतो आणि कडेने वाहणाऱ्या वाटा तयार होतात, हे सिद्धांताने आदल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी ७.३ नॅनोमीटरच्या थरावर मोजलं आणि एक मायक्रॉन लांबीच्या नमुन्यांनी हवा तो आकडा दिला. पण नुसत्या तेवढ्यावर मी तरी विश्वास ठेवला नसता. शेजारीच ५.५ नॅनोमीटरचा नमुना आहे, तो इन्सुलेटर निघाला. वीस मायक्रॉन लांबीचा आहे, त्याचा रोध कितीतरी चढा. रुंदी निम्मी केलेला आहे, त्याचा रोध हललाच नाही, म्हणून तर प्रवाह पोटातून नव्हे, कडेने जातो हे कळलं. या सगळ्यांना त्यांनी आलेखात जागा दिली. तुझ्या सरांच्या हिशेबाने त्यातला वीस मायक्रॉनवाला ‘खराब’च ठरला असता.

आणि ‘टोपोलॉजिकल’ हा शब्द ताईतासारखा दंडाला बांधून फिरू नकोस. कडेवरचा एका स्पिनचा इलेक्ट्रॉन उजवीकडे जातो, उलट्या स्पिनचा डावीकडे. चुंबकीय नसलेली अशुद्धी त्याला एकटीने मागे वळवू शकत नाही, कारण वळायच्या दोन वाटा एकमेकींना रद्द करतात. इतकं खरं. पण वाटेत विद्युतभाराचं एखादं डबकं साचलं, इलेक्ट्रॉन तिथे रेंगाळला, ऊर्जा हरवून बसला, की ते संरक्षण ढिलं पडतं. क्वांटम हॉलमध्ये, म्हणजे जोरदार चुंबकीय क्षेत्रातल्या अशाच कडेच्या प्रवाहात, उलट्या दिशेच्या वाटा समोरासमोरच्या कडांवर असतात, मध्ये सगळा नमुना आडवा. म्हणून तिथे अब्जांशापर्यंत अचूकता मिळते. तुझ्याकडे दोन्ही वाटा एकाच कडेवर. चार डिव्हाइसनी १२.९ दिले नाहीत यात नवल कसलं? पाचव्याने का दिले, हे विचारायला हवं होतंस.

आता माझं ऐक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातल्या, इलेक्ट्रॉनना जेमतेम जाता येईल अशा अरुंद खिंडींवर काम करत होते. खिंड रुंदावत नेली की वाहकता जिन्यासारखी पायरीपायरीने चढते, हे १९८८मध्ये डेल्फ्ट आणि केंब्रिजमध्ये दिसलं होतं. मला तोच जिना हवा होता. रोध मोजायचा, कॉन्टॅक्टचा आणि वाटेतला म्हणून काही ओहम वजा करायचे, मग पायऱ्या जागेवर येतात. किती वजा करायचे? पायऱ्या जागेवर येतील तितके! आम्ही सगळेच तसं करत होतो. एका डिव्हाइसमध्ये जिना देखणा आला. दुसऱ्यात पहिल्या पायरीच्या खाली, तिच्या उंचीच्या साधारण ०.७ला, एक खांदा होता. कितीही वजा केलं तरी जात नव्हता. मी वहीत ‘अशुद्धी’ लिहिलं आणि देखण्या डिव्हाइसवर पेपर लिहिला.

१९९६मध्ये केंब्रिजच्या गटाने त्याच ०.७वर पेपर लिहिला. तापमान वाढवलं की बाकीच्या पायऱ्या विरघळतात आणि तो खांदा उलट ठळक होतो. थराला समांतर चुंबकीय क्षेत्र लावलं की हळूहळू ०.५कडे सरकतो. एखाद्या अशुद्धीने हे केलं नसतं. त्याच्या कारणावर अजून वाद चालू आहे. आणि मी काय करायला हवं होतं? नमुना थंड ठेवणारा प्रयोगशाळेतला फ्रीज थोडा गरम होऊ द्यायचा. एक दुपार गेली असती.

माझा पेपर खोटा नव्हता, हे मात्र सांगून ठेवते. एकही आकडा मी बनवला नाही. १९८८च्या आलेखांतही तो खांदा शोधणाऱ्याला सापडतो, तेव्हा दुर्लक्ष करणारी मी एकटी नव्हते. शिवाय नोकरी टिकवायची होती... बघ, तीस वर्षांनीही मी वकिलीच करते आहे. न जुळलेलं टाकलं की असं होतं. पुढे जन्मभर कुणी न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागतं.

प्रश्न विचारलाच गेला तर काय होतं, तेही तू पाहिलं आहेस. नॅनोवायरमध्ये मायोराना, म्हणजे स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेली अवस्था, सापडल्याचं सांगणारा २०१८चा ‘नेचर’मधला पेपर २०२१मध्ये मागे घ्यावा लागला. तपासणाऱ्या तज्ज्ञांना बनावट आकडे सापडले नाहीत. पण छापलेल्या तुकड्याबाहेरची मोजमापं पुन्हा मांडली, तेव्हा आलेखातलं सपाट पठार पठार राहिलं नाही. हुशार माणसं होती ती, तुझ्यामाझ्यापेक्षा कितीतरी.

तेव्हा सरांशी भांडू नकोस. चारही डिव्हाइस परत थंड कर. प्रत्येकाची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोज, आराखड्यातली घेऊ नकोस. लांबीप्रमाणे रोध वाढतो का ते बघ. पाचव्याला तापमान बदलून मोज, आणि थराला लंब असं थोडं चुंबकीय क्षेत्र लावून मोज. कडेच्या वाटा असतील तर त्यांना ते सहसा मानवत नाही. पठार जसंच्या तसं राहिलं तर मला आनंद होणार नाही, शंका येईल. हे वर्ष खाईल, माहीत आहे. तुझी फेलोशिप कधी संपते तेही माहीत आहे. तरीही न जुळलेलं टाकू नकोस.

पाचही डिव्हाइसच्या कच्च्या फाइली पाठव, वजाबाकी करण्यापूर्वीच्या. आणि कॉन्टॅक्टचे म्हणून किती ओहम वजा केलेस, पाचही ठिकाणी तितकेच केलेस का, ते कळव. तुझ्या आलेखावर तो आकडा मला कुठेच दिसला नाही.

तुझी,
ताई