डीओ करून फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी निवडताना काय पाहावं?

तुम्ही अमेरिकेत डीओच्या (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) तिसऱ्या वर्षाला आहात, फॅमिली मेडिसिन करायचं ठरलंय, आणि ‘ऑस्टिओपॅथिक’ मान्यता असलेल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, प्रोग्रामांनाच अर्ज करू का, असं विचारलंय. मी स्वतः डीओ आहे. मिशिगनमध्ये तीन वर्षांची रेसिडेन्सी केली आणि आता तिथेच फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते.

आपल्याकडे ऑस्टिओपॅथी म्हटलं की हाडवैद्य डोळ्यांसमोर येतो, म्हणून इतर वाचकांसाठी दोन ओळी. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं ऑस्टिओपॅथी कॉलेज काढलं. आज अमेरिकेतला डीओ सगळ्या ५० राज्यांत एमडीइतकाच पूर्ण डॉक्टर असतो. औषधं देतो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपणं करतो. त्याखेरीज कॉलेजात साधारण २०० तास हातांनी तपासणं आणि हातांनीच उपचार करणं शिकतो. त्या उपचाराला ओएमटी म्हणतात. युरोपात किंवा भारतात नुसते ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणवणारे असतात, ते वेगळे. त्या शिक्षणावर इथे रेसिडेन्सी मिळत नाही.

पूर्वी डीओंच्या रेसिडेन्सी वेगळ्या होत्या, मॅचही, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांची जुळवणीही, वेगळा होता. २०२० मध्ये ते सगळं रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेच्या एकाच छताखाली आलं. आता ज्या प्रोग्रामला ऑस्टिओपॅथिक शिक्षण द्यायचंय, तो ‘ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन’ ही जादा मान्यता घेतो. तिथे एमडीही जाऊ शकतात, आणि आपल्याकडचे एमबीबीएस झालेलेही. अर्थात अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी लागणारं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र आणि आधी ओएमटीची थोडी तयारी हवी.

ही मान्यता बघा, पण तिच्यावर विसंबू नका. रोज तुमच्या शेजारी उभं राहून हात दुरुस्त करणारं कोणी आहे का, हे त्याहून महत्त्वाचं. मला हे फार उशिरा कळलं. इंटरव्ह्यूच्या दिवशी ओएमटीची स्वतंत्र खोली दाखवली होती, छान टेबल होतं. जुलैमध्ये रुजू झाले तेव्हा त्या टेबलावर खोकी रचलेली होती. शिकवणारे एकमेव डीओ अटेंडिंग, म्हणजे रेसिडेंटवर देखरेख करणारे वरिष्ठ डॉक्टर, मधल्या काळात सोडून गेले होते. मी सात महिने एकाही पेशंटला ओएमटी दिली नाही. मग एक दिवस आठव्या महिन्यातली गरोदर बाई आली, कंबर धरलेली, औषधं फारशी देता येत नव्हती. तिला कुशीवर झोपवलं आणि माझ्या लक्षात आलं, की स्नायू कुठे ताठ आहे हे बोटांना पूर्वीसारखं कळत नाहीये. बसलेला हात इतक्या लवकर जातो. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एक दुपार येणारे एक वयस्कर डीओ मिळाले. ते माझ्या हातावर हात ठेवून एवढंच म्हणायचे, ‘दाब कमी कर, अजून कमी.’ त्या दुपारींनी मला परत उभं केलं.

म्हणून इंटरव्ह्यूत रेसिडेंटना थेट विचारा: ओएमटी क्लिनिक कोणत्या दिवशी असतं, कोण शिकवतं, तो माणूस रजेवर गेला तर कोण? वॉर्डातल्या पेशंटनाही देता का? आणि बिलिंग शिकवतात का? हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण १५ मिनिटांच्या भेटीत शुगर, बीपी आणि वर कंबरदुखी असली की ओएमटीच आधी गळते. शरीराचे किती भाग हाताळले त्यावरून बिलात लिहायचे ९८९२५ ते ९८९२९ असे कोड असतात. ते नीट लिहिता आले, तर पुढे स्वतःच्या प्रॅक्टिसमध्ये त्यासाठी वेळ काढता येतो.

सगळंच तंत्र सारख्या विश्वासाने शिकू नका, हेही प्रामाणिकपणे सांगते. कंबरदुखीबाबत पुरावा बरा आहे. १९९९ मध्ये १५५ पेशंटवर झालेल्या एका चाचणीत ओएमटी आणि नेहमीचे उपचार यांचा गुण सारखाच आला, पण ओएमटीवाल्यांना औषधं कमी लागली. कवटीच्या हाडांवरच्या तंत्राबद्दल मात्र माझी खात्री पटलेली नाही, मी ते वापरत नाही.

परीक्षांचं थोडक्यात: कॉमलेक्स (डीओंची परवाना परीक्षा) लेव्हल १ आणि यूएसएमएलई (एमडींची परवाना परीक्षा) स्टेप १ दोन्ही २०२२ पासून फक्त पास-नापास आहेत, त्यामुळे लेव्हल २ चे गुण आणि शिफारसपत्रं यांना वजन आलंय. नुसतं कॉमलेक्स चालतं का, हे प्रत्येक प्रोग्रामला विचारा. शेवटी बोर्डाची, म्हणजे स्पेशालिस्ट म्हणून मान्यता मिळवण्याची, परीक्षा एबीएफएमची (अमेरिकन बोर्ड ऑफ फॅमिली मेडिसिन) देता येते किंवा ऑस्टिओपॅथिक बोर्डाची.

आणि ओएमटीच्या नादात बाकीची रेसिडेन्सी विसरू नका. आठवड्याला सरासरी ८० तासांपर्यंत काम असतं. बाळंतपणं, लहान मुलं, आयसीयू या सगळ्यात प्रोग्रामांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. खेड्यात काम करायचं असेल तर बाळंतपणाचा अनुभव भरपूर मिळेल अशीच जागा बघा.

अर्ज सप्टेंबरमध्ये जातात. त्याआधी, चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला, आवडलेल्या एक-दोन ठिकाणी चार-चार आठवड्यांची रोटेशन, म्हणजे तिथे राहून काम शिकण्याची पाळी, मागा. तिथे असताना ओएमटीचं टेबल किती वेळा वापरलं गेलं, ते वहीत रोज लिहून ठेवा.